अळंबी, अनुसूची आणि अधिवास : एक शब्दचिकित्सा

१

दुर्मिळ रानअळंब्यांच्या संरक्षणाचा प्रश्न प्रथमदर्शनी वनस्पतिशास्त्रज्ञाचा व वनाधिकाऱ्याचा वाटतो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे काही कारण दिसत नाही. तथापि ज्या अधिनियमांच्या आधारे हे संरक्षण व्हावयाचे, त्यांची शब्दयोजना काळजीपूर्वक वाचली असता असे आढळते की, अडचण जितकी जंगलात आहे तितकीच ती शब्दांत आहे. कायदा ज्या वस्तूला नाव देत नाही तिचे रक्षण तो करू शकत नाही. आणि ती वस्तू चुकीच्या वर्गात घातली गेली तर रक्षणाचा रोखही चुकतो. प्रस्तुत लेखात या शब्दयोजनेची चिकित्सा करण्याचे योजिले असून, तिच्यासाठी नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी व भोवतालचा सातपुडा हे क्षेत्र दृष्टीसमोर ठेविले आहे.

हे क्षेत्र निवडण्यास कारण आहे. मोलगी हे डोंगरातील बाजाराचे गाव. भगर, आमचूर इत्यादी डोंगरी माल येथे उतरतो. भोवतालची वस्ती मुख्यतः भिल्ल व पावरा समाजांची असून तिच्या पावसाळी आहारात रानभाज्यांबरोबर अळंब्यांनाही स्थान आहे. घरचे धान्य संपत आलेले आणि नवे पीक अद्याप उभे, असा आषाढ-श्रावणाचा जो ओढीचा काळ, नेमका तोच अळंब्यांचा हंगाम होय. ज्या भागातील कुपोषणाची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे, तेथे अळंबी ही हौसेची वस्तू नव्हे, हे आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे कारण घटनात्मक आहे. अक्कलकुवा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतो. येथील भिली भाषा मात्र आठव्या अनुसूचीत नाही; २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी या शीर्षकाखाली एक कोटीहून अधिक भाषिकांची नोंद असूनही नाही. आणि येथील अळंबी वन्यजीव अधिनियमाच्या कोणत्याच अनुसूचीत नाही. भूमी अनुसूचित, भाषा अननुसूचित आणि वनातील अन्नही अननुसूचित, अशी ही तिहेरी स्थिती आहे. तिन्हींचा परस्परसंबंध पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

२

प्रथम वस्तूचा विचार करू. आपल्याकडे रानात मिळणाऱ्या खाद्य अळंब्यांत वारुळाची अळंबी ही सर्वांत मोलाची मानली जाते. शास्त्रीय परिभाषेत तिचा समावेश टर्मिटोमायसीस या प्रजातीत होतो. ही प्रजाती फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये प्रस्थापित केली. वाळवीच्या काही जाती वाळलेले लाकूड व पालापाचोळा खाऊन त्यातून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे सच्छिद्र पोळे रचितात. त्या पोळ्यावर हे कवक वाढते, लाकडातील कठीण द्रव्यांचे विघटन करते आणि वाळवीला पचण्याजोगे अन्न पुरविते. मोबदल्यात वाळवी त्याला ओलावा, ऊब आणि परकीय बुरशीपासून संरक्षण देते. पाऊस पडून भूमी भिजली म्हणजे या भूमिगत शेतातून मुळासारखा लांब दांडा वर येतो व त्यावर छत्री उमलते. आपण जिला अळंबी म्हणतो ती केवळ ही छत्री, म्हणजे कवकाचे फळ होय. कवकाचा देह वर्षभर वारुळातच असतो.

या वर्णनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, छत्री खुडल्याने कवक मरत नाही, परंतु वारूळ फोडल्याने, जमीन नांगरल्याने किंवा वाळवीवर विषारी औषध टाकल्याने मरते. दुसरी अशी की, हे कवक वाळवीपासून वेगळे काढून वाढविणे सोपे नाही. ढिंगरीची लागवड शेडमध्ये काडावर होते. वारुळाच्या अळंबीची लागवड बाजाराच्या प्रमाणावर अद्याप साधलेली नाही. म्हणजेच येथे जीव आणि त्याचा अधिवास यांत रेषा ओढता येत नाही. वारूळ हे अळंबीचे केवळ ठिकाण नव्हे. ते तिच्या अस्तित्वाचीच अट आहे.

३

आता कायद्याची भाषा पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. आरंभी त्यात वनस्पतींना स्थान नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने सहा वनस्पतींची अनुसूची जोडण्यात आली. तीत कुठ, घटपर्णी व काही आमरे होती, कवक एकही नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची पुनर्रचना झाली. वनस्पतींची अनुसूची स्वतंत्र राहिली, कवकांची झाली नाही. हे सर्वश्रुत आहे. परंतु माझ्या मते खरा दोष अनुसूचीत नसून व्याख्येत आहे.

अधिनियमातील व्याख्येनुसार 'वन्यजीव' या शब्दात कोणताही प्राणी, तसेच अधिवासाचा भाग असणारी जलीय वा भूपृष्ठीय वनस्पतिसृष्टी यांचा समावेश होतो. मराठी शब्द मोठा उदार आहे. 'जीव' म्हटले की त्यात कवकही आले पाहिजे. व्याख्येने मात्र त्या उदार शब्दाला प्राणी व वनस्पती अशा दोनच दारांतून आत घेतले आहे. कवक यांपैकी कोणत्याही दाराने आत येत नाही. याहून अर्थपूर्ण गोष्ट 'अधिवास' या शब्दाची. कायद्याच्या व्याख्येत अधिवास म्हणजे वन्य प्राण्याचे नैसर्गिक घर असलेली भूमी, पाणी अथवा वनस्पती होय. घर प्राण्याचे, वनस्पती हा त्या घराचा वासा. कवकाला स्वतःचे घर असू शकते ही कल्पनाच या वाक्यात बसत नाही. वारूळ हे वाळवीचे घर आहे असे म्हणून ते या व्याख्येत आणावे, तर 'वन्य प्राणी' म्हणजे अनुसूचीत नाव असलेला प्राणी, असे दुसरी व्याख्या सांगते. आणि वाळवी अनुसूचीत नाही. कृषिशास्त्राच्या भाषेत तर तिचे नाव 'कीड' असे आहे.

भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्यातील 'वनोत्पन्न' या संज्ञेत वृक्षेतर वनस्पतींचा निर्देश करताना गवत, वेली, बोरू यांबरोबर शेवाळाचेही नाव घेतले आहे. कवकाचे घेतलेले नाही. तथापि त्या काळी कवकांची गणना वनस्पतींतच होत असे. सजीवांची पाच सृष्टींत विभागणी करून कवकांना स्वतंत्र सृष्टीचा दर्जा देणारी व्हिटेकर यांची मांडणी १९६९ ची. म्हणून १९२७ च्या कायद्यातील वनस्पती या शब्दात अळंबी येते असे म्हणावयास हरकत नाही. जैविक विविधता अधिनियमात (२००२) मात्र वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव अशी त्रयी आहे. अळंबी वनस्पती नाही, प्राणी नाही, आणि वीतभर छत्रीला सूक्ष्म कोणत्या तोंडाने म्हणावे? व्हिटेकरनंतर तेहेतीस वर्षांनी लिहिलेल्या व्याख्येत ही उणीव राहावी हे आश्चर्य होय.

मोलगीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अधिनियम वनहक्कांचा, म्हणजे २००६ चा. त्यात परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी, वेचणी व विक्री यांचा हक्क मान्य केला आहे. परंतु गौण वनोपजाची व्याख्या 'वनस्पतिजन्य' या विशेषणाने सुरू होते. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने अळंबी वनस्पतिजन्य नाही. मग मोलगीच्या बाजारात अळंबी घेऊन येणाऱ्या बाईच्या टोपलीवर तिचा हक्क आहे की नाही?

माझे उत्तर असे की, निःसंशय आहे. आणि त्याचा आधार त्या व्याख्येतच आहे. वनस्पतिजन्य वस्तू सांगताना तीत बांबू, तेंदूपान, कंदमुळे यांबरोबर मध, मेण, लाख व रेशमाचे कोश यांचीही नावे आहेत. यांतील एकही वस्तू शास्त्राच्या दृष्टीने सरळ वनस्पतीची नव्हे. सर्व कीटकांची आहेत. यावरून उघड होते की, विधिमंडळाने हा शब्द जीवशास्त्राच्या कोशातून घेतलेला नसून लोकव्यवहारातून घेतला आहे. ज्या शब्दात मध मावतो त्यात अळंबी न मावण्याचे कारण नाही. यादीच्या शेवटी तत्सम वस्तूंचाही निर्देश आहे, हेही लक्षात घ्यावे.

तथापि ही उदार वाचना हक्कापुरतीच उपयोगी पडते, संरक्षणास पडत नाही. कारण संरक्षणाच्या अनुसूचीत जातीचे नाव प्रत्यक्ष असावे लागते, अर्थ ताणून ते तेथे आणता येत नाही. उलट धोका असा की, बंदी घालताना अळंबी 'वनोत्पन्न' ठरावी आणि हक्क मागताना ती 'वनस्पतिजन्य' ठरू नये. अक्कलकुव्याच्या सीमेलगत गुजरातेत शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. तेथे अधिनियमाच्या २९ व्या कलमान्वये वन्यजीव व वनोत्पन्न परवानगीवाचून काढून नेता येत नाही. आणि वनोत्पन्नाचा अर्थ हा अधिनियम १९२७ च्याच कायद्यातून घेतो. वनहक्क अभयारण्यातही मान्य होऊ शकतात हे खरे; परंतु त्या हक्काच्या व्याख्येत 'वनस्पती' शब्द अरुंद वाचला तर एकाच कवकाला मनाईसाठी वनस्पती आणि हक्कासाठी अवनस्पती म्हटल्यासारखे होईल. शब्दाचा असा सोयीस्कर दुटप्पी वापर होऊ नये म्हणून अभ्यासकांनी जागरूक राहिले पाहिजे.

४

कायद्यातील ही उणीव केवळ मसुदाकारांची नाही. तिच्यामागे आपल्या लिखित परंपरेची दृष्टी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कवकांची गणना लसूण व कांदा यांबरोबर द्विजांना अभक्ष्य असलेल्या पदार्थांत केली आहे. मेघदूतात मेघगर्जनेने भूमीतून उगवणाऱ्या शिलीन्ध्राचा उल्लेख येतो; तेथे अनेक वाचक अळंबी समजतात, मल्लिनाथ मात्र कंदली असा अर्थ करितो. काव्यातील ही एक छत्रीदेखील अशी संशयात सापडली आहे. प्रमाण मराठीत तर अळंबीविषयीचे शब्दप्रयोग जवळजवळ सर्व तुच्छतादर्शक आहेत. 'कुत्र्याची छत्री' हे नाव, 'कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे उगवणे' हा वाक्प्रचार, आणि कालपरवा निघालेल्या संस्थेला किंवा पुढाऱ्याला लावले जाणारे 'भुईफोड' हे विशेषण यांतून एकच भाव प्रकट होतो : जे मुळावाचून, कुळावाचून, एका रात्रीत उगवते ते हलके. वस्तुतः वारुळाच्या अळंबीइतके खोल मूळ असलेली वस्तू विरळा. तिचा दांडा हातभर मातीतून वारुळाच्या गाभ्यापर्यंत पोचतो. भाषेने वर दिसले तेवढेच पाहिले.

आर. गॉर्डन वॉसन व त्यांच्या पत्नी व्हॅलेंटिना यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवसमाजांचे कवकप्रेमी व कवकभीरू असे दोन वर्ग कल्पिले आणि त्यासाठी मुख्यतः शब्दसंपत्तीचा पुरावा वापरला. हे वर्गीकरण ढोबळ आहे. एकाच भाषिक प्रदेशात दोन्ही वृत्ती नांदू शकतात, हे महाराष्ट्र व गोवे पाहिल्यास पटते. पुण्याच्या प्रमाण भाषेत कुत्र्याची छत्री. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'सात्या' पावसाळी बाजारात मानाने विकल्या जातात, विदर्भात 'टेकोडे' आवडीने खाल्ले जातात, आणि गोव्यात 'रोण अळमी'ची वाट पाहिली जाते. रोण किंवा रोयण म्हणजे वारूळ. ज्या भूमीत सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपाने होते, तेथे अळंबीचे नावही वारुळावरून पडावे हे स्वाभाविक होय. प्रमाण मराठीतही 'वारूळ' म्हटले की नागपंचमी आठवते व हात जोडले जातात. 'वाळवी' म्हटले की औषधाची पिचकारी आठवते. वस्तू एकच असता एका शब्दाने ती पूज्य होते, दुसऱ्याने वध्य. संरक्षणाच्या घोषणेत कोणता शब्द घातला जातो याला म्हणूनच महत्त्व आहे.

संस्कृत शास्त्रपरंपरेत एक वेगळा धागाही आहे, त्याची नोंद करणे न्याय्य ठरेल. सुश्रुताने सूत्रस्थानात उद्भिद शाकांचे जे वर्ग दिले आहेत ते पेंढा, ऊस, शेण, वेळू व भूमी या उत्पत्तिस्थानांवरून दिले आहेत. रंग, आकार, चव यांवरून नव्हे, तर अधिवासावरून केलेले हे वर्गीकरण आहे. 'रोण अळमी' हे नाव आणि सुश्रुताचे वर्ग एकाच तत्त्वावर उभे आहेत. उलट शास्त्रीय द्विपद नावांची तऱ्हा पाहावी. टर्मिटोमायसीस हाइमी ही जाती १९७९ मध्ये दक्षिण भारतातून वर्णिली गेली. तिच्या नावाचा पूर्वार्ध वाळवीचा निर्देश करतो, उत्तरार्ध मात्र एका फ्रेंच शास्त्रज्ञाचे स्मारक आहे. विज्ञानाला असे नाव चालते. जंगलात जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

५

येथे एका लोकप्रिय समजाची चिकित्सा करणे आवश्यक आहे. आदिवासी भाषांत प्रत्येक पानाफुलाला नाव असते, तेव्हा त्यांचे शब्द गोळा केले की दुर्मिळ जातींची यादी आपोआप तयार होईल, असे अलीकडे उत्साहाने म्हटले जाते. हा उत्साह स्तुत्य असला तरी भाषाशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. ब्रेंट बर्लिन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात लोकवर्गीकरणाची जी तत्त्वे मांडली त्यांवरही वाद आहेत. ते काही असो, जे खाल्ले जाते, औषधी असते किंवा जिवावर बेतते, त्याची नावे अधिक सूक्ष्म असतात, हे बहुधा सर्वांस मान्य होईल. जे खाण्याचे नाही व बाधतही नाही, ते एका सामान्य नावाखाली ढकलले जाते. अतिदुर्मिळ कवक हे बहुधा याच निनावी गटात असणार. भीमाशंकर अभयारण्यात पावसाळ्यात रात्री लाकडावर मंद प्रकाश देणारे कवक पाहावयास दुरून लोक जातात. ते पोट भरीत नाही. लोकभाषेने त्याला स्वतंत्र नाव न दिल्यास तो दोष नव्हे. याचा अर्थ असा की, शास्त्रीय यादी अनावश्यक ठरत नाही. लोकनामे अधिवास सांगतात, द्विपद नावे भेद सांगतात; एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

परंतु लोकनामांचे एक कार्य असे आहे की, ते यादी कधीही करू शकणार नाही. खाद्य व विषारी अळंबी यांतील भेद आई मुलीला नावासह, जागेसह आणि हंगामासह शिकविते. मुलगी आश्रमशाळेत जाते, प्रमाण मराठीत शिकते, आणि त्या भाषेत तिला सर्वांसाठी 'अळंबी' हा एकच शब्द मिळतो. येथे शब्द हरवणे म्हणजे केवळ कोशातील एक नोंद हरवणे नव्हे. एखाद्या पावसाळ्यात त्याची किंमत प्राणाने मोजावी लागते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा भिल्ल भाषांचा खंड १९०७ चा, आणि भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ चा. दोहोंचे स्वरूप व्याकरण, नमुने व निवडक शब्द असे आहे. वनातील ज्ञानाचा कोश हे त्यांचे प्रयोजनच नव्हते. ते काम विद्यापीठीय विभागांचे आहे.

६

अन्य देशांचा अनुभव थोडक्यात पाहू. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव व ग्रामभूमी अधिनियमाच्या आठव्या अनुसूचीत १९९८ मध्ये चार कवकांचा समावेश झाला. त्यांत सिंहाच्या आयाळीसारखे दिसणारे हेरिसियम एरिनेशियस आहे, तसेच जुन्या ओक वृक्षांवरच वाढणारे एक कवकही आहे. ही अनुसूची वनस्पतींची आहे. शास्त्राने वेगळी केलेली वस्तू कायद्याने जुन्याच घरात ठेवली आणि तरी तिचे रक्षण साधले. चिलीने याच्या उलट मार्ग धरला. २०१० च्या पर्यावरणविषयक कायद्यात कवकांचे नाव वनस्पती, शैवाल व प्राणी यांच्या बरोबरीने स्पष्टपणे घेतले गेले. पुढे २०१८ मध्ये प्राणिजात व वनस्पतिजात यांच्या जोडीला कवकजात या अर्थी 'फंगा' ही संज्ञा मांडण्यात आली, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या भाषेत तिचा स्वीकार केला. ब्रिटनचा मार्ग चार नावांपुरता चांगला. चिलीचा मार्ग संबंध सृष्टीसाठी. आपल्यासारख्या देशात, जेथे कवकांच्या जाती अद्याप वर्णिल्या जात आहेत, दुसराच मार्ग श्रेयस्कर ठरेल असे मला वाटते.

यावरून निघणारे निष्कर्ष असे. पहिला : व्याख्यांत प्राणी व वनस्पती यांच्या बरोबरीने 'कवक' हा शब्द घातला जावा, आणि अधिवासाची व्याख्या प्राण्यांपुरती न राहता तिन्ही सृष्टींची व्हावी. मराठी परिभाषेत त्यासाठी 'बुरशी' न वापरता 'कवक' हाच शब्द ठेवावा; बुरशी म्हटले की शिळी भाकरी आठवते. दुसरा : तोवर वनहक्काच्या व्याख्येची वाचना मध व लाख यांच्या आधारे उदारपणे केली जावी, आणि ग्रामसभांनी आपल्या दाव्यांत व ठरावांत अळंबीचे नाव स्पष्ट लिहावे. तिसरा : जैविक विविधता अधिनियमान्वये गावोगाव व्हावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत कवकांसाठी वेगळे पान असावे. त्यावर नाव प्रथम बोलणाऱ्याच्या भाषेत, तिच्या उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले जावे. नंतर ते कशावर उगवते, केव्हा, कशाबरोबर. आणि शेवटी शास्त्रीय नाव. आज हा क्रम बहुधा उलटा असतो, आणि भिली शब्दाच्या जागी प्रमाण मराठी प्रतिशब्द बसविला जातो.

यांतील तिसऱ्या निष्कर्षाला एक मर्यादा जोडणे अगत्याचे आहे. अळंबी वेचणारा, मग तो कोणत्याही देशातला असो, आपली जागा सहसा सांगत नाही. हा कंजूषपणा नव्हे, संरक्षणाची ती सर्वांत जुनी रीत आहे. दुर्मिळ वस्तूचा नेमका पत्ता छापणे म्हणजे तिच्या नाशाला निमंत्रण देणे होय. म्हणून नोंद अधिवासाच्या प्रकाराची व्हावी, वारुळाच्या पत्त्याची नव्हे. आणि कोणता शब्द लिहावा व कोणता गावातच राहू द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार सांगणाऱ्याकडे असावा. वनहक्क अधिनियमाने जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्कही मान्य केला आहे, हे शब्दसंग्राहकाने विसरता कामा नये. कोशकाराला प्रत्येक शब्द हवासा वाटतो. येथे मात्र त्याने हा मोह आवरला पाहिजे; कारण ज्या वारुळाचे रक्षण आपणास करावयाचे आहे, त्यावरील माती उकरण्याचे काम आपल्याच लेखणीने होणे उचित नाही.